थारची चाकं आणि लाईट बदलायचेत? मग या क्रमाने जा

नवीन थार दारात उभी राहिली की महिनाभरात घरात दोन विषय सुरू होतात, मोठी चाकं आणि जास्तीचे लाईट. मग रविवारी कोणीतरी मित्र दुकानात घेऊन जातो, दुकानदार चार मॅगव्हील समोर मांडतो, एक लांबलचक लाईट बार पेटवून दाखवतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी वेगळीच दिसायला लागते. दिसायला मस्तच, पण दोन-तीन महिन्यांनी स्टिअरिंग ओढायला लागतं, चाक मडगार्डला घासतं, पावसात लाईट बंद पडतात, आणि तोपर्यंत पैसे गेलेले असतात. ज्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

उदाहरण म्हणून २०२० पासूनची तीन दारांची थार घेतोय कारण आपल्याकडे घाटात, गडाच्या पायथ्याला सगळ्यात जास्त तीच दिसते. तुमच्याकडे जिम्नी, गुरखा, व्ही-क्रॉस, हायलक्स किंवा जुनी जिप्सी असेल तरी पद्धत तीच आहे, फक्त आकडे तुमच्या गाडीचे घ्यायचे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चाकांवरचा पैसा आधी रबरात जाऊ दे, रिमचा नंबर नंतर. आणि लाईटवरचा पैसा आधी वायरिंगमध्ये आणि फोकस लावण्यात जाऊ दे, वॉटचा विचार त्यानंतर. हा क्रम पाळला तर कमी खर्चात गाडी खरोखर सुधारते.

पहिली पायरी: गाडी कुठं जाते ते कागदावर लिहा

गंमत वाटेल पण खरंच लिहा. आठवड्यात किती डांबर, किती कच्चा रस्ता, पावसाळ्यात कुठं, उन्हाळ्यात कुठं. कारण सह्याद्रीतला दगड, कोकणातला जांभा आणि मराठवाडा-विदर्भातली काळी माती या तिन्ही ठिकाणी टायरकडून वेगवेगळं काम लागतं. घाटमाथ्यावरच्या बेसाल्टच्या कडा धारदार असतात, तिथं टायर तळाला क्वचित फाटतो, फाटतो तो बाजूने, म्हणजे साईडवॉलला, आणि साईडवॉल फाटला की पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. काळ्या मातीचं उलट आहे, दगड नसतो पण पाऊस पडला की ती टायरच्या खाचांत अशी भरते की पाच मिनिटांत टायर गुळगुळीत होऊन जागेवर फिरायला लागतो, तिथं मोठ्या खाचांचा टायर लागतो जो फिरताना माती स्वतःच बाहेर फेकतो.

टायरचे ढोबळ तीन प्रकार धरा. एचटी म्हणजे रस्त्याचा, एटी म्हणजे दोन्हीकडचा, एमटी म्हणजे चिखलाचा. एमटी बघायला रांगडा असतो म्हणून पोरांना तोच हवा असतो, पण डांबरावर तो आवाज करतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर एटीपेक्षा लांब जाऊन थांबतो, लवकर झिजतो आणि डिझेल जास्त पितो. ज्याची गाडी रोज ऑफिसला जाते आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी माळरानावर किंवा गडाखालच्या गावापर्यंत चढते त्याला चांगला एटी पुरतो, यात मला काडीची शंका नाही. काळ्या रानात रोज शेतावर जाणाऱ्या माणसाने मात्र एमटीचा विचार जरूर करावा.

दुसरी पायरी: टायरवरचे आकडे वाचायला शिका

थारच्या वरच्या व्हेरिएंटला २५५/६५ आर १८ टायर येतो आणि खालच्याला २४५/७५ आर १६. २५५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. आता हिशोब करून बघा. २५५ चे ६५ टक्के म्हणजे जवळपास १६६ मिमी साईडवॉल. वर एक, खाली एक असे दोन धरले तर ३३१.५ मिमी, त्यात १८ इंच रिमचे ४५७ मिमी मिळवले की पूर्ण चाक झालं साधारण ७८९ मिमी. तोच हिशोब २४५/७५ आर १६ ला केला तर साईडवॉल १८४ मिमी आणि पूर्ण चाक ७७४ मिमी.

म्हणजे काय झालं बघा, स्वस्त व्हेरिएंटच्या चाकाची उंची फक्त १५ मिमीने कमी, जमिनीपासूनच्या उंचीत त्याचा अर्धाच म्हणजे साडेसात मिमीचा फरक, पण रबराची भिंत १८ मिमीने जास्त. दगडावर हवा कमी करून चालवताना ही भिंतच वाकते, दगडाला धरते आणि रिमला वाचवते. म्हणून जे लोक १६ चे काढून २० इंची मॅगव्हील टाकतात त्यांचं मला वाईट वाटतं, कारण रिम मोठं झालं की भिंत बारीक झाली, आणि पहिल्याच खड्ड्यात रिमला बाक. ऑफरोडसाठी जायचं तर १८ वरून १७ किंवा १६ वर खाली या, वर जाऊ नका. एकच गोष्ट आधी तपासा, छोटं रिम ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाला) घासत नाही ना, त्यासाठी दुकानात एक रिम टायरशिवाय हबवर, म्हणजे चाक जिथं बसतं त्या मधल्या भागावर, चढवून हाताने फिरवून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

मोठ्या टायरची मर्यादाही याच हिशोबातून कळते. १६ च्या गाडीला २६५/७५ आर १६ टाकला तर चाक ८०४ मिमीचं होतं, म्हणजे जवळपास ४ टक्के मोठं. काटा १०० दाखवत असेल तेव्हा आधीच्या मानाने गाडी १०४ ने पळत असते, किलोमीटर कमी पडतात म्हणून ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी वाटतं, आणि गिअर लांब झाल्यासारखे होऊन चढाला गाडी जड वाटते. ३ टक्क्यांच्या आत राहिलात तर गाडी तक्रार करत नाही. जिम्नीवाल्यांसाठी सांगायचं तर मूळ टायर १९५/८० आर १५ म्हणजे ६९३ मिमी, त्याजागी २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३ मिमी, दीड टक्का फरक, म्हणजे आरामात मर्यादेत.

साईजनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ ११२ एस. ११२ हा वजनाचा कोड आहे, एक टायर ११२० किलो पेलतो असा त्याचा अर्थ, आणि एस म्हणजे १८० च्या वेगापर्यंत. नवीन टायरचा वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि शेवटी तारीख. भिंतीवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२४ लिहिलं असेल तर २०२४ चा बत्तिसावा आठवडा. दुकानात हा आकडा स्वतः वाकून बघा, पाचही टायरचा बघा. डिस्काऊंटमध्ये मिळणारा टायर कित्येकदा गोडाऊनमध्ये दोन-तीन वर्षं पडून असलेला असतो.

तिसरी पायरी: रिम घेताना चार मापं

पहिलं पीसीडी. नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. जिप्सी आणि जिम्नीचं ५ बाय १३९.७, फॉर्च्युनर आणि हायलक्सचं ६ बाय १३९.७. तुमच्या गाडीचं माप गाडीवरून काढा, दुकानदार 'बसतं हो, सगळ्यांना बसतं' म्हणाला म्हणून घेऊ नका, आणि भोकं मोठी करून बसवतो म्हणाला तर सरळ उठून या.

दुसरं मधल्या भोकाचं माप. जिम्नीचं १०८ मिमी आहे, फॉर्च्युनरचं १०६.१. रिमचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये रिंग टाकतात, ती चालते पण बरोबर मापाची पाहिजे, नाहीतर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग दहा वेळा करूनही जात नाही.

तिसरं ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी सरकलेली आहे ते, आणि इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. रिमवर ईटी लिहिलेलं असतं. ईटी जितकं कमी तितकं चाक बाहेर. समजा मूळ रिम ७ इंच रुंद आणि ईटी ३५, आणि तुम्ही घेताय ८ इंच रुंद, ईटी १०. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी, आणि ऑफसेट २५ ने कमी झाला म्हणजे अख्खं चाक २५ मिमी बाहेर. बाहेरची कड एकूण ३७.७ मिमी बाहेर आली, आतली कड मात्र १२.३ मिमी शॉकअपपासून लांब गेली. एवढं बाहेर आलेलं चाक चिखल दारावर आणि आरशावर फेकतं, बेअरिंगवर जोर वाढवतं, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसकावून घेतं. मडगार्डच्या बाहेर चाक दिसलं की पोलीसही थांबवतात, ते वेगळंच. मूळ ऑफसेटच्या जेवढं जवळ राहाल तेवढं बरं. आणि स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची जाड चकती) टाकून चाक बाहेर काढायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका.

चौथं नटाची बैठक. काही रिमला निमुळता नट लागतो, काहींना गोल, काहींना सपाट वॉशरवाला. निमुळत्या बैठकीत गोल नट आवळला तर तो घट्ट लागल्यासारखा वाटतो पण कडेवर टेकलेला असतो, दोनशे किलोमीटरमध्ये ढिला होतो. नवीन रिमसोबत त्याच रिमचे नट मागून घ्या, नसतील तर ते रिमच घेऊ नका. रिमवर आयएसआयचा शिक्का आणि वजन पेलायची क्षमता कोरलेली असते तीही बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही मोठ्या मार्केटमध्ये हुबेहूब दिसणारी नक्कल मिळते, तिच्या आतल्या बाजूला काहीच कोरलेलं नसतं.

खरं सांगू का, ज्याचा वापर दगडाचा आहे त्याला मी लोखंडी रिमच सुचवतो. अलॉय जोरात आपटलं की तडकतं, लोखंडी वाकतं, आणि वाकलेलं गावातला टायरवाला ठोकून सरळ करून देतो. अलॉय हलकं असतं, दिसतं छान, गाडी चपळ राहते, हे सगळं मान्य, पण हरिश्चंद्रगडाच्या पाचनई बाजूला रात्री आठ वाजता तडकलेलं अलॉय घेऊन कुणाकडे जाणार.

चौथी पायरी: पाच टायर, चार नाही

हे वेगळं लिहितोय कारण पैसे वाचवायला लोक हमखास इथंच कात्री लावतात. चार नवीन मोठे टायर घेतले आणि स्टेपनी जुन्या साईजची ठेवली, मग घाटात पंक्चर झालं की एका बाजूला ८०४ मिमीचं चाक आणि दुसऱ्या बाजूला ७७४ चं. डांबरावर टू व्हीलमध्ये हळूहळू घरी येता येईल, पण फोर बाय फोर लावलं तर थारसारख्या गाडीत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात, आणि चाकांचा व्यास वेगळा असला की ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलवर (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या भागांवर) ताण येतो. म्हणजे ज्या ठिकाणी फोर बाय फोरची गरज आहे नेमकं तिथंच ते लावता येत नाही.

दुसरं म्हणजे थारची स्टेपनी मागच्या दारावर लटकते. मोठा एमटी टायर आणि जड रिम तिथं लावलं की सगळा भार बिजागऱ्यांवर, कच्च्या रस्त्यावर दार खडखडायला लागतं, मग नीट बंद होत नाही. म्हणून घेण्याआधी जुनं आणि नवीन चाक दोन्ही वजनकाट्यावर ठेवून फरक बघा.

पाचवी पायरी: बसवून घेण्याचा दिवस

सकाळी जा, घाईच्या वेळी नको. टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा) असेल तर जुन्या रिममधले सेन्सर नवीन रिममध्ये बसवायला आधीच सांगा, नाहीतर टायर चढवून हवा भरून झाल्यावर आठवतं आणि सगळं परत उतरवावं लागतं. व्हॉल्व्ह नवीन टाका. बॅलन्सिंग पाचही चाकांचं, त्यानंतर अलाइनमेंट.

नट आवळताना गन मशीनने एकदम कचकावून आवळायला देऊ नका. आधी हाताने सगळे नट दोन-तीन आटे फिरवायचे, मग समोरासमोरचे एक सोडून एक असे आवळायचे, गाडी जॅकवरून खाली आली की टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) शेवटचं. जिम्नीला १०० न्यूटन मीटर आहे, थारचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून दुकानदाराला सांगा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर परत एकदा सगळे नट तपासायचे, नवीन रिम बैठकीत बसताना थोडं ढिलं पडतं, तेव्हा हा टप्पा अजिबात टाळायचा नाही.

मग घासण्याची परीक्षा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे मागे. एवढ्यावर समाधान मानू नका, पुढचं एक चाक मोठ्या दगडावर किंवा उंच कट्ट्यावर चढवा म्हणजे सस्पेन्शन दाबलं जाईल, आणि तशा अवस्थेत परत स्टिअरिंग पूर्ण वळवा. घासणारी जागा आतल्या प्लास्टिकवर लगेच चकाकते. खडू लावून ठेवला तर आणखी स्पष्ट दिसते.

हवेचं सांगायचं तर डांबरावर दाराच्या स्टिकरवरचा आकडा, आणि दगड-वाळूत साधारण १८ ते २० पीएसआय. १५ च्या खाली उतरू नका, वळणावर टायर रिमवरून निसटतो. आणि हवा कमी केली तर परत भरायला छोटा कंप्रेसर गाडीत असलाच पाहिजे, कमी हवेवर हायवेला पळवलं तर टायर तापून फुटतो. माझ्या मते हा कंप्रेसर कुठल्याही रिमपेक्षा आधी घ्यायची वस्तू आहे.

आता लाईटकडे

आधी आहे त्या हेडलाईटचं पूर्ण काम काढून घ्या. तीन दारांच्या थारला हॅलोजन येतात, त्यामुळे पहिल्या रात्रीपासून 'उजेड कमी आहे' ही तक्रार असते आणि लोक थेट एलईडी बल्ब आणून त्याच होल्डरमध्ये खोचतात. हॅलोजनचा रिफ्लेक्टर हा त्या बारीक तारेची जागा धरून बनवलेला असतो. एलईडीच्या चकत्या त्या जागी तशा बसत नाहीत, त्यामुळे उजेड पसरतो, तुम्हाला जवळचं पांढरंशुभ्र दिसतं म्हणून बरं वाटतं, पण लांबचं कमीच दिसतं आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात. वरंधा किंवा तामिणीसारख्या अरुंद घाटात समोरच्याला काही क्षण दिसेनासं झालं तर धोका दोघांनाही आहे.

१००/९० वॉटचे बल्बही नकोत, मूळ ६०/५५ साठी केलेला होल्डर त्या उष्णतेने पिवळा पडतो आणि शेवटी वितळतो. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा ६०/५५ चाच बल्ब घ्या, काच स्वच्छ ठेवा, आणि फोकस लावून घ्या. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर आत बसलेला. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला चिकटपट्टी लावा, आणि डिपरच्या (खाली पडणाऱ्या झोताच्या) उजेडाची वरची कड त्या पट्टीच्या १० सेंटीमीटर खाली येईल असं सेट करा. मोठे टायर टाकल्यावर हे परत करायचं असतं. कित्येक गाड्यांना एवढ्यानेच पुरेसा उजेड मिळतो.

त्यानंतर जास्तीचे लाईट, आणि तेही कशासाठी ते ठरवून. लांबचं बघायला ड्रायव्हिंग लाईट, ज्याचा झोत अरुंद आणि लांब. धुक्याला फॉग लाईट, ज्याचा झोत रुंद, चपटा आणि वरून कापलेला, आणि तो जेवढा खाली बसेल तेवढा चांगला. कॅम्पला किंवा पायवाटेच्या कडा बघायला फ्लड, ज्याचा उजेड सगळीकडे पसरतो. आंबोलीला जुलैत गेलेल्या माणसाला माहीत असतं की धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. टपावरच्या लाईट बारचं तेच होतं, तो डोळ्यांच्या वर असल्याने धुक्याच्या आणि पावसाच्या प्रत्येक थेंबावरून उजेड परत डोळ्यात, शिवाय बॉनेट चमकतं आणि ८० च्या पुढे वाऱ्याची शिट्टी. मला विचाराल तर टपावरचा बार आपल्याकडच्या घाटांसाठी शेवटची खरेदी असावी, पहिली पिवळ्या फॉगची जोडी. ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळा उजेड धुक्यात जादू करत नाही, पण चकाकी कमी करतो आणि तासभर चालवल्यावर डोळे कमी थकतात.

खोक्यावरच्या ल्युमेनच्या (एकूण उजेडाच्या मापाच्या) आकड्यावर विश्वास ठेवून खरेदी करू नका, तो बहुतेक वेळा नुसत्या चकत्यांचा कागदावरचा आकडा असतो. काचेवर ई-मार्क (लाईटच्या मान्यतेचा शिक्का) आहे का, आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) किंवा त्याच्या वरचं आहे का, आणि झोताचा आकार कसा आहे हे बघा. दुकानाच्या मागच्या भिंतीवर अंधारात पेटवून बघा.

वायरिंग: इथं थांबून, सावकाश

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लाईट खराब निघाला तर अंधार होतो, वायरिंग खराब निघालं तर गाडी जळते.

आधी करंट काढा. ४० वॉटचे दोन लाईट म्हणजे ८० वॉट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साधारण ६.७ अँपिअर. त्यासाठी १० अँपिअरचा फ्यूज आणि दीड ते अडीच स्क्वेअर मिमीची चांगली तांब्याची वायर. लाईटच्या पेटीत येणारी वायर कित्येकदा नुसतं जाड प्लास्टिक आणि आत केसासारख्या चार तारा असते, टोक सोलून बघा, पटली नाही तर नवीन घ्या.

हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या बटणातून न्यायचा नाही, त्यासाठी मध्ये रिले टाकायचा. रिलेला चार पाय असतात आणि प्रत्येकावर नंबर लिहिलेला असतो. ३० नंबरला बॅटरीची प्लस वायर, फ्यूजमधून आलेली. ८७ नंबरवरून लाईटला. ८६ ला बटणाची बारीक वायर आणि ८५ ला अर्थ. बटण दाबलं की आत टक असा आवाज येतो, म्हणजे बारीक करंटने आतलं चुंबक ओढलं गेलं आणि ३० आणि ८७ जोडले गेले. टक आवाज येतोय पण लाईट पेटत नाही, तर दोष ३०, ८७, फ्यूज किंवा लाईटच्या अर्थमध्ये. आवाजच येत नाही, तर बटण किंवा ८५-८६ मध्ये. एवढं लक्षात ठेवलं तर रात्री डोंगरातही दहा मिनिटांत दोष सापडतो.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वीतभर अंतराच्या आत. फ्यूज हा वायरला वाचवायला असतो, लाईटला वाचवायला नाही. फ्यूज लाईटजवळ बसवला आणि मधली वायर कुठं पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा पूर्ण तुकडा लाल होतो आणि फ्यूजला पत्ताच नसतो. आमच्या ग्रुपमधल्या एका गाडीत एका वायरिंगवाल्याने असंच केलं होतं, वायर रेडिएटरच्या ब्रॅकेटवर घासत होती, नशिबाने बॉनेट उघडं असताना धूर दिसला आणि बॅटरीचं टर्मिनल पटकन सोडवलं.

ड्रायव्हिंग लाईटच्या बटणाची वायर शक्य असेल तर अप्परच्या लाईनवरून घ्या, मध्ये स्वतंत्र बटण ठेवून. म्हणजे डिपर मारला की हे लाईट आपोआप बंद होतात, समोरच्यासाठी वेगळं बटण शोधावं लागत नाही. पण नवीन गाड्यांत लाईट कंप्युटरवरून चालतात, मूळ वायर सोलून जोड मारला तर वॉर्निंग येते आणि सर्व्हिस सेंटर वॉरंटीवरून वाद घालतं. कुठलीही मूळ वायर कापू नका, कपलरमध्ये बसणारा जोड किंवा फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी लाईन काढून देणारा जोड) वापरा, आणि आधी मल्टीमीटर लावून कुठल्या वायरला काय येतं ते बघा.

बाकी कामाची शिस्त अशी: जोड पक्क्या क्रिम्पने (दाबून बसवायच्या टोपीने), वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), नुसती काळी टेप गुंडाळून भागवायचं नाही कारण बॉनेटखाली तिचा गोंद वितळून ती सुटते. वायरवर पन्हाळीची काळी नळी. केबिनमध्ये जाताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट. अर्थ घेताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, बोल्ट आवळल्यावर वर थोडं ग्रीस, कोकणातल्या खाऱ्या हवेत हे केलं नाही तर एका पावसाळ्यात गंज चढतो आणि लाईट लुकलुकायला लागतात. नदी-ओढा ओलांडणार असाल तर रिलेचं तोंड खाली ठेवा म्हणजे पाणी साचत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस काढायची, सगळ्यात शेवटी लावायची. लाईट लावून झाले की परत त्याच भिंतीसमोर जा. फॉगची वरची कड १० मीटरवर लाईटच्या उंचीपेक्षा साधारण २० सेंटीमीटर खाली, ड्रायव्हिंग लाईटचा मध्य सरळ समोर.

कायदा, थोडक्यात पण नीट वाचा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२ ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. समोर स्पॉटलाईट लावायला नियमांत मनाई आहे, लावायचाच तर आधी आरटीओची परवानगी लागते. म्हणून टायरची साईज कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला दिलेली घेतली तर सगळ्यात बिनधोक, आणि फॉग सोडून बाकी जास्तीचे लाईट सार्वजनिक रस्त्यावर बंद आणि काळ्या झाकणाखाली. झाकण आहे म्हणून दंड होणारच नाही असं नाही, पण समोरच्याचा विचार म्हणून तरी ते हवंच. लाल-निळे किंवा लुकलुकणारे लाईट तर नावालाही नको.

लाईट बसवायला म्हणून बुलबार लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या वाहतूक खात्याने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलंय, आणि कारणही खरं आहे, धडकेत एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकू शकते आणि पायी चालणाऱ्याला जास्त लागतं. बंपरच्या मूळ बोल्टवर बसणारा छोटा ब्रॅकेट दोन फॉगसाठी पुरतो.

जंगलाच्या हद्दीत रात्री हे लाईट पेटवून फिरू नका. जनावरं बुजतात, आणि वनखात्याला तो शिकारीचा प्रकार वाटला तर समजावत बसावं लागतं. तसंच सड्यांवर, कासच्या आसपासच्या पठारांवर, चांगले टायर आहेत म्हणून गाडी घालू नका, तिथली मातीची पापुद्र्याएवढी थर एकदा चाकाखाली गेली की फुलं परत येत नाहीत.

काम झाल्यावर

विमा कंपनीला ईमेल करा, नवीन रिम, टायर आणि लाईटची बिलं जोडून, आणि ॲक्सेसरीज पॉलिसीत नोंदवून घ्या. थोडा हप्ता वाढतो, पण न सांगता ठेवलं आणि वायरिंगमुळे काही झालं तर क्लेम अडतो. मूळ चाकं लगेच विकू नका, एक पावसाळा जाऊ दे. नवीन टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावर एक निसरडा थर असतो तो निघेपर्यंत ओल्या रस्त्यावर पकड कमी असते. हजार किलोमीटरवर अलाइनमेंट परत बघा, आणि दर पाच हजाराला पाचही चाकं फिरवून लावा, स्टेपनीसकट, म्हणजे सगळी सारखी झिजतात.

ग्लव्ह बॉक्समध्ये १० आणि १५ अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, एक जास्तीचा रिले, टेस्टर आणि नटाच्या मापाचा पाना ठेवा, आणि वायरिंगचा कच्चा नकाशा कागदावर काढून त्याच्यासोबत ठेवा, कुठली वायर कुठल्या रंगाची आणि फ्यूज नेमका कुठं बसवलाय ते लिहून.